तुरटी फिरवलेलं पाणी

आमच्या बिल्डिंगमध्ये विनिता केळुसकर म्हणजे शांत बाई, हे ठरूनच गेलेलं. पार्किंगवरून दोन घरांत जुंपली की सेक्रेटरी म्हणायचे, "विनिताताईंना बोलवा, त्या बघतील." मीही तेच म्हणायचे. आमची दारं समोरासमोर. इतक्या वर्षांत त्यांच्या घरातून चढलेला आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. त्या शांत नाहीत, चिडलेल्या आहेत आणि फार जुन्या चिडलेल्या आहेत, हे मला एका रविवारी भर दुपारी कळलं. माझ्या गाडीत, शेजारच्या सीटवर, मांडीत बादली धरून त्या बसलेल्या तेव्हा.

विनिताताई मूळच्या देवबागच्या. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये गाव. बारावीनंतर त्यांना रत्नागिरीला जाऊन माशांचं शास्त्र शिकायचं होतं. मार्क होते, प्रवेश मिळत होता. मोठ्या भावाने परस्पर मुंबईत लॅब टेक्निशियनच्या कोर्सला त्यांचं नाव घालून टाकलं. मुलीच्या जातीला चिखलात आणि होडीत कोण पाठवणार, एसीत बसून काम करेल, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांनी भावाचं कौतुक केलं. विनिताताई आल्या, शिकल्या, कामाला लागल्या. आज त्या ठाण्याच्या एका हॉस्पिटलची पॅथॉलॉजी लॅब सांभाळतात आणि उत्तम सांभाळतात.

लग्न होऊन कोपरला आल्या. नवरा महेंद्र, एका कंपनीत स्टोअर्समध्ये होते, आता रिटायर झालेत. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुमचा गैरसमज होईल. कुणाचा नळ गळतोय कळलं की महेंद्रभाऊ पान्हा घेऊन हजर. फक्त एक आहे. अर्धवट राहिलेली वस्तू त्यांना बघवत नाही. कुणी शब्दकोडं अर्धं टाकून चहा करायला उठलं तर चहा होईपर्यंत ते पुरं झालेलं असायचं.

मुलगी रसिका नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि त्यानंतर विनिताताईंनी ती टाकी घेतली. खाऱ्या पाण्याची. त्यांच्याच हॉस्पिटलात सुश्रुत नावाचा फिजिओथेरपिस्ट आहे, माजिवड्याला राहतो. त्याच्या घरी तशी टाकी त्यांनी एकदा बघितली आणि मग वर्षभर त्याला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. हॉलमधलं शोकेस काढलं, तिथे मजबूत स्टँड बसवला, त्यावर काचेची लांबट टाकी. तळाला पांढरी जाड वाळू, त्यावर कोरडे सच्छिद्र दगड. गाळलेल्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवून, खारटपणा मोजून त्यांनी टाकी भरली. सुश्रुतने आपल्या जुन्या टाकीतला फिल्टरचा एक काळपट स्पंजही दिला. त्या स्पंजात जीवाणू असतात. माशांच्या घाणीचं जे विष होतं ते खाऊन टाकणारे. ते नव्या टाकीत रुजले की मगच मासे आणायचे.

पहिल्यांदा पाणी पांढरं झालं ते वाळूच्या धुरळ्याने. तो बसला. त्यानंतर पुन्हा पांढरं झालं, आणि या वेळी बसेना. ताकात पाणी घातल्यासारखं दिसायचं. मागचे दगड दिसत नव्हते.

"हे असंच होतं," विनिताताई मला सांगत होत्या. मी संध्याकाळी वाटीभर आमटी द्यायला गेलेले. "नवीन जीवाणू एकदम वाढतात. खायला आहे तोवर माजतात, मग आपसूक कमी होतात. काही करायचं नाही. थांबायचं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. थांबायचं हा शब्द उच्चारताना बाईच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी पाहिलेला नव्हता.

बाकी कुणाला मात्र ते पटत नव्हतं. दूधवाला म्हणाला पाणी बदला. खालच्या मजल्यावरचे म्हणाले यात डास होतील. महेंद्रभाऊ दिवसातून चारदा टाकीसमोर उभे राहायचे, कमरेवर हात ठेवून. "अगं, निदान वरचं वरचं काढून टाकू का?" विनिताताई म्हणायच्या, "हात लावू नका हं." त्या हे हसून म्हणायच्या. हसून म्हटलेलं आपल्याकडे कुणी ऐकत नाही.

मग त्या भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला देवबागला गेल्या. महेंद्रभाऊ गुडघा दुखतो म्हणून राहिले. जाताना विनिताताईंनी त्यांना एवढंच सांगितलं की पंप बंद होऊ देऊ नका, बाकी काही करू नका.

रविवारी दुपारी त्या परत आल्या. लिफ्टमधून बाहेर पडताना मीच त्यांना भेटले. त्यांच्याकडे जेवायला मलाही बोलावलेलं होतं, कारण महेंद्रभाऊंची बहीण जया आणि तिचे यजमान येणार होते. आत गेलो तर सगळे टाकीपुढे उभे. पाणी स्वच्छ. काच आहे की नाही कळू नये इतकं स्वच्छ. आणि त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन छोटे मासे.

"सरप्राइज," महेंद्रभाऊ म्हणाले.

विनिताताईंच्या हातात अजून बॅग होती. त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, भरून आलंय त्यांना.

"कसं केलंत?" त्यांनी विचारलं.

"तुरटी. आई विहिरीचं पाणी आणलं की हंड्यात तुरटी फिरवायची ना, तशी फिरवली. सकाळपर्यंत सगळा गाळ खाली. मग तो ओढून काढला. आणि तो फिल्टरचा स्पंज, शी, किती घाण झालेला. भांड्याच्या साबणाने घासून गरम पाण्यातून काढला. दगडपण ब्रशने घासले. मग म्हटलं, आता मासे का नकोत?"

"आमच्या दादाने दोन दिवसांत करून दाखवलं बघ वहिनी," जया म्हणाली. "तू उगीच महिना लावलास."

मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत होते, मिटत होते. कल्ले भराभर हलत होते. त्यातला एक मध्येच कलला आणि परत सरळ झाला.

"बघ, तुला हाक मारतायत," जया हसली.

विनिताताईंनी बॅग खाली ठेवली. गॅलरीत गेल्या. तिथे कॅनमध्ये त्यांनी खारं पाणी तयार करून ठेवलेलं असायचं. ते धुतलेल्या बादलीत ओतलं, बॅटरीचा छोटा पंप त्यात सोडला. जाळी घेऊन आल्या. सगळ्यांच्या अंगावरून हात पुढे घालून त्यांनी दोन्ही मासे उचलले. कुणाला बाजूला व्हा असंसुद्धा म्हणाल्या नाहीत.

"अगं, काय करतेस? पानं वाढलीत," महेंद्रभाऊ म्हणाले.

"जेवून घ्या."

"अगं पण पाहुणे..."

"त्यांनाही वाढा." मग माझ्याकडे वळल्या. "चित्रा, गाडी काढतेस? माजिवड्याला जायचंय."

मी चावी आणायला गेले. मागून जयाचा आवाज आला, "माशांसाठी?"

मोठागावच्या पुलावरून माणकोलीकडे निघालो. खाली खाडी भरलेली होती. विनिताताईंनी बादली मांडीत धरलेली, दोन्ही हातांनी. पंपाचा गुरगुर आवाज येत होता. मग मला वाटलं, काहीतरी बोलावं, म्हणून मी तेच बोलले जे आपण सगळे अशा वेळी बोलतो.

"ताई, चुकलं त्यांचं. पण केलं प्रेमानेच ना."

"तेच," त्या म्हणाल्या. "प्रेमाने केलं म्हणूनच तर तोंड उघडता येत नाही."

मी गिअर बदलला.

"माझी आई गेली तेव्हा तिचं एक नऊवारी मी आणलेलं. माहितीये तुला? नाही माहीत. कुणालाच माहीत नाही. न धुता आणलेलं. कपाटात, पिशवीत बांधून ठेवलेलं. तिचा वास होता त्याला. जयाने माझ्या वाढदिवसासाठी ते परस्पर काढून नेलं, धुतलं, त्याची गोधडी शिवून आणली. सगळ्यांसमोर अंगावर घातली माझ्या. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काय केलं असेल?"

मी पुढच्या रिक्षाला वाट दिली.

"थँक्यू म्हटलं. मिठी मारली तिला. कारण प्रेमाने केलेलं ना. माझी स्कूटर होती. रसिकाच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी गेलेले तेव्हा यांनी विकून टाकली. आता बाळाला घेऊन कुठे चालवणार म्हणे, पडशील. प्रेमानेच. माझ्या भावाने माझं शिक्षण फिरवलं, तेही प्रेमानेच. परवा त्याच्या घरात बसलेले ना, तो पाहुण्यांना सांगत होता, हिला मी लाइनला लावली. आणि मी तिथे लाडू वाटत होते." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पण एकेक शब्द दातांतून येत होता. "मला कुणी मारलं असतं, टाकून बोललं असतं, तर मी भांडले असते चित्रा. मला भांडता येतं. लॅबमध्ये डॉक्टरांशी भांडते मी. पण हे लोक माझ्या हातातली वस्तू काढून घेतात आणि वर हसत उभे राहतात, की आता कौतुक कर."

"एवढं मनात होतं तर बोलायचंत," मी म्हणाले.

"तू बोलू दिलं असतंस?" त्या एकदम माझ्यावर उलटल्या. "आत्ता पहिलं वाक्य काय म्हणालीस तू? गाडी सुरू होऊन पाच मिनिटं झाली नव्हती. शांत बाई, समजूतदार बाई. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला समजूतदार करून ठेवलंय. सोयीचं पडतं."

मला राग आला. गाडी माझी, रविवार माझा, जेवणही सोडून आलेले. पण त्या म्हणाल्या ते खरंच होतं.

भिवंडी बायपासला ट्रकांची रांग लागलेली होती. विनिताताई बादलीत बघत होत्या. एक मासा आडवा झालेला. त्यांनी दोन बोटांनी त्याला पंपाच्या बुडबुड्यांसमोर धरलं, जरा वेळ धरून ठेवलं. तो हलला नाही. त्यांनी तो उचलला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. पर्समध्ये का, असं मी विचारलं नाही.

"माझं पाणी गढूळ होतं," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पण त्यात काहीतरी जगत होतं. यांनी ते मारलं आणि आता ते छान दिसतंय."

सुश्रुत खाली पार्किंगमध्येच उभा होता. विनिताताईंनी फोन केलेला. वर जाऊन त्याने उरलेला मासा वेगळ्या छोट्या टाकीत ठेवला, थेंब थेंब पाणी सोडत. कोपऱ्यात जाऊन मासा तिरका उभा राहिला.

"काय झालं नेमकं?" त्याने विचारलं.

"तुरटी घातली. स्पंज साबणाने धुतला. आणि लगेच मासे."

"तुरटी?" त्याने डोक्याला हात लावला. "मॅडम, तुरटीने पाण्याचा सगळा तोल जातो. आणि जीवाणूच नाहीत म्हटल्यावर माशांची घाण त्यांच्याच अंगावर. असं कोण करतं?"

मी मनात म्हटलं, आता या म्हणतील घरात जरा गडबड झाली. आजवर त्या तसंच म्हणत आलेल्या.

"माझ्या नवऱ्याने केलं," विनिताताई म्हणाल्या. "मी नको सांगितलेलं असताना केलं."

त्याने चहा विचारला. त्या नको म्हणाल्या.

परत आलो तेव्हा उन्हं कललेली. पाहुणे गेलेले होते. टेबलावर वाढलेली ताटं तशीच. महेंद्रभाऊ सोफ्यावर बसलेले, आणि तेही चिडलेले. बादली आत ठेवायला म्हणून मी दारात उभी होते. निघून जायला हवं होतं, पण पाय निघाला नाही.

"जया न जेवता गेली," ते म्हणाले.

"जेवण टेबलावर होतं."

"माणसांपेक्षा मासे मोठे झाले तुला? माझ्या बहिणीसमोर माझी काय किंमत राहिली? दोन दिवस कंबर मोडेपर्यंत राबलो मी. गुडघा सुजलाय बघ. तुला आवडेल म्हणून केलं."

"मी सांगितलेलं, हात लावू नका."

"अगं पण ते घाण होतं."

"ते माझं होतं."

ते काहीतरी बोलणार होते. विनिताताईंनी हात वर केला. आता मात्र त्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला असेल. "मला सरप्राइज नको होतं. मी घरात आले तेव्हा मला तिथे गढूळ पाणी हवं होतं. ते स्वच्छ होताना मला बघायचं होतं. एवढंच होतं त्यात. तुम्ही मला आवडेल म्हणून नाही केलंत. तुम्हाला बघवत नव्हतं म्हणून केलंत. माझ्या आवडीचं नाव पुढे करू नका."

महेंद्रभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांच्या लग्नाला किती वर्षं झाली ते मला माहीत आहे. त्या सगळ्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नसेल.

"उद्या मी टाकी रिकामी करणार," त्या म्हणाल्या. "परत पहिल्यापासून भरणार. तुम्ही हात लावायचा नाही. सुचवायचं नाही. कधी होणार म्हणून विचारायचं नाही. ज्या दिवशी हात लावाल त्या दिवशी मी ती टाकी उचलून सुश्रुतकडे नेऊन ठेवेन आणि माझा रिकामा वेळ तिथेच घालवीन. हे मी रागात बोलतेय, पण राग उतरल्यावरही हेच बोलेन."

मी बादली दारात ठेवली आणि घरी आले.

त्या संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर जयाने लिहिलं म्हणे, की वहिनीने माशांपायी भरल्या ताटावरून माणसांना उठवलं. खाली बऱ्याच जणांनी रडके चेहरे टाकले. विनिताताई त्या ग्रुपवर कधी लिहीत नाहीत. त्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं, "ताटावरून कुणाला उठवलं नाही. बाकी खरं आहे." जया त्यानंतर दिवाळीपर्यंत आली नाही. आली तेव्हा विनिताताईंनी तिला गोधडीबद्दलही सांगितलं. जया रडली. विनिताताईंनी तिला पाणी आणून दिलं, पण असू दे गं म्हणाल्या नाहीत. हे मला जयानेच सांगितलं, तक्रार म्हणून.

टाकी त्यांनी खरोखरच पहिल्यापासून केली. वाळू फेकली, दगड गोड्या पाण्यात भिजत टाकले, वास जाईपर्यंत पाणी बदलत राहिल्या. सुश्रुतने नवा स्पंज दिला. लॅबमधून दमून यायच्या आणि बाह्या सरसावून बसायच्या. मी मदतीला येऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या. मला वाईट वाटलं, आणि ते त्यांना दिसलंही असणार. तरी त्यांनी समजूत घातली नाही.

पाणी पुन्हा दुधाळ झालं. घरात महेंद्रभाऊ त्या टाकीकडे पाठ करून पेपर वाचायला लागले. नवराबायकोत कामापुरतं बोलणं. रसिकाने फोनवर आईला समजावलं, बाबा खूप हर्ट झालेत. विनिताताईंनी विचारलं, "आणि मी?" पोरगी म्हणे म्हणाली, "तू कधी दाखवलंच नाहीस ना." त्यावर दोघींचं भांडण झालं, आणि त्यानंतर रसिका त्यांना जास्त फोन करायला लागली.

या काळात बाईंच्या तोंडाला सगळे जरा टरकून होते. सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरींनी नेहमीप्रमाणे त्यांना एका भांडणात मध्ये घातलं. त्या म्हणाल्या, "मिटवायचं काय त्यात? चूक तुमची आहे." सेक्रेटरी पाणी प्यायला उठले. मी हसू दाबलं, पण खरं सांगायचं तर मलाही त्या जुन्या विनिताताईंची आठवण आली. त्या सोयीच्या होत्या.

पाणी कसं निवळलं ते कुणी बघितलं नाही. म्हणजे विनिताताईंनी नाही बघितलं. त्या कामावर होत्या. संध्याकाळी आल्या तेव्हा मागचे दगड दिसत होते, आणि दगडांवर तपकिरी बुरशीसारखं काहीतरी चढायला लागलेलं, ते चांगलं लक्षण म्हणे. महेंद्रभाऊ पेपर घेऊन बसलेले.

"कधी झालं हे?"

"दुपारी जेवून उठलो तेव्हा बघितलं."

"मग फोन नाही केलात?"

"तूच म्हणालीस विचारायचं नाही, बोलायचं नाही."

विनिताताई मला हे सांगताना म्हणाल्या, की त्यांना हसू येत होतं आणि त्याच वेळी अशी चीड आली, की हा माणूस आता आज्ञाधारकपणानेही माझ्यावर सूड काढतोय. त्या हसल्या नाहीत. बाह्या सरसावून त्यांनी पाणी तपासलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तपासलं. विष कुठेच नाही असं आठवडाभर दिसत राहिलं, तेव्हाच त्या सुश्रुतकडून तो वाचलेला मासा घेऊन आल्या.

मासा आला त्या दिवशी मी तिथेच होते. तो आधी दगडामागे लपला, मग बाहेर आला. महेंद्रभाऊ पेपर ठेवून उठले आणि टाकीपासून चार हात लांब उभे राहिले. हात मागे बांधून. खूप वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांना तो मासा आवडला होता, एवढं खरं. तो त्यांनीच निवडून आणलेला.

"मी घालू का याला खायला?" त्यांनी विचारलं.

विनिताताईंच्या हातात खाद्याची डबी होती. त्यांनी महेंद्रभाऊंकडे बघितलं. मी मनात म्हणाले, आता देतील. माणूस विचारतोय, पहिल्यांदाच विचारतोय.

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, कारण सांगितलं नाही, हसल्याही नाहीत. "अजून नाही."

महेंद्रभाऊंनी मान हलवली आणि तिथेच उभे राहिले.